मागच्या चाकाखालचे दगड

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मोटरहोम चिखलात रुतलं. तळ्याकाठच्या मुक्कामाच्या मैदानातून बाहेर पडायला एकच फाटक होतं. त्या फाटकापासून वीस पावलांवर, दोन्ही बाजूंच्या तारेच्या कुंपणाच्या मधोमध, ते थांबलं ते थांबलंच. रात्री बराच पाऊस पडून गेला होता. गवत वरून हिरवंगार दिसत होतं, पण पाय ठेवला की बुटाभोवती पाणी वर येत होतं.

स्टिअरिंगवर मास्तर होते. हे मास्तर शाळेतले नव्हेत. बस डेपोत चौतीस वर्षं काढलेला माणूस. त्यातली शेवटची बारा वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात गेली, तेव्हापासून बायको सोडून सगळं जग त्यांना मास्तर म्हणत आलं. चिखलाचा त्यांचा स्वतंत्र धडाच होता. डेपोमागच्या पडीक जागेत पाण्याचा टँकर रिकामा करायचा, मुद्दाम चिखल करायचा, त्यात जुनी बस रुतवायची आणि पोरांना सांगायचं, "काढा आता. मी चहा घेऊन येतो." चहा होईपर्यंत पोरं घामाघूम झालेली असत आणि बस आणखी वीतभर खाली गेलेली असे. मग मास्तर येऊन हळूच, एका दमात, ती बाहेर काढत.

त्यामुळे गाडी रुतली तेव्हा मास्तरांना वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. निवृत्त होऊन चौदा महिने झाले होते, आणि त्या चौदा महिन्यांत दूध आणायला जाताय का, यापलीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"कुणी हात लावू नका," ते खाली उतरून म्हणाले. "आधी मला बघू दे."

बघायला चौघं जण होते. एक त्यांची बायको. दुसरा बायकोचा धाकटा भाऊ. आणि शेजारच्या तंबूतलं जोडपं: ती मोठ्या दवाखान्यात नर्स, तो बेकरीवाला, पिठाची पोती उचलून उचलून खांदे तयार झालेला. त्यांची छोटी मोटार मोटरहोमच्या मागे उभी होती. त्यांनाही निघायचं होतं, आणि पुढचं धूड हलल्याशिवाय त्यांना रस्ता नव्हता.

मेहुण्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. बॅटरी बदलून देणारे त्यांच्या बाजारात सात जण होते. पण किल्लीच्या घड्याळाचं पोट उघडून, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून सरळ करणारा हा एकटा उरला होता. अकरा वर्षांत त्याने दुकान एकदाही दोन दिवस बंद ठेवलं नव्हतं. या सहलीसाठी बहिणीने हट्टाने ठेवायला लावलं. दुकान काय, संसार काय, सगळं उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांवर उभं होतं, आणि हे तो स्वतःच हसत सांगायचा. "बाकीचा मी नुसता त्या तीन बोटांना घेऊन फिरतो," म्हणायचा.

मास्तरांनी गाडीला अर्धी फेरी मारली. मागे आले, वाकले, मागच्या चाकापाशी बोटं खुपसली.

"चार बोटं बसलंय. काही नाही, अर्ध्या तासाचं काम. मागच्या चाकांखाली दगड भरायचे, मग सगळ्यांनी मागून नुसता हात लावायचा. जोर नाही लावायचा. जोर इंजिन लावतं."

"पुढचं चाक बघता का एकदा?" बायको म्हणाली. ती पुढच्या बाजूला उभी होती. "इकडे पण बरंच खाली गेलंय."

"अगं, पुढचं चाक वळायला असतं. ओढतं ते मागचं."

ती चाकापासून मागे सरली. चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला कुठलं चाक ओढतं हे सांगणारी ती कोण.

गाडी भाड्याने देणाऱ्याने शुक्रवारी वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं. पाण्याची टाकी कुठे, गॅसचा खटका कुठे, वरच्या पलंगाची शिडी कशी लावायची. तो बोलत असताना मास्तर आरसे लावत होते. मध्येच हात वर करून म्हणाले होते, "बाळा, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी याच्या तिप्पट गाडी चालवतोय." त्यावर त्या भल्या माणसाने कागद हातात ठेवला आणि पुढचं सांगायचं सोडून दिलं. कागद अजून आरशामागे घडी करून खोचलेला होता.

तळ्याच्या बाजूला एक पडकी भिंत होती. तिथून दगड आणायचं ठरलं. साधारण चाळीसेक दगड आणले. सगळ्यात जास्त मेहुण्याने आणले, कारण तो कुणी सांगितलेलं काम अर्धं सोडत नसे. प्रत्येक दगड ठेवताना तो हाताने दाबून बघायचा, हलत नाही ना. मास्तरांनी वरून देखरेख केली.

"असा नाही, सपाट बाजू वर. आणि चाकाच्या पोटात घुसव. घड्याळ नाही हे, ठोकलं तरी चालतं."

बेकरीवाला हसला. मेहुणाही हसला.

सव्वादहाला पहिला प्रयत्न झाला. चौघं मागे उभे राहिले. मास्तरांनी पहिला गिअर टाकला, पोरांना शिकवत तसाच क्लच अलगद सोडला. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही. थोडा जोर वाढवला. खालून चरचर आवाज आला, गाडीचं नाक किंचित खाली झुकल्यासारखं वाटलं, एवढंच.

"भाऊजी," मेहुणा चालत पुढे आला. खिडकीच्या काचेपाशी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "पुढचं चाक फिरतंय बहुतेक. चिखल पुढून उडतोय."

हळू बोलला होता. पण मागून नर्सबाई आणि बेकरीवालाही पुढे येत होते, आणि मास्तरांना वाटलं, त्यांनी ऐकलं.

"तू काटे फिरव बाबा," मास्तर मोठ्याने म्हणाले. "चाकं माझ्याकडे राहू दे. चिखलात असंच दिसतं. उद्या मी तुझ्या दुकानात येऊन सांगू का, मिनिटकाटा उलटा लाव म्हणून?"

बेकरीवाला पुन्हा हसला, या वेळी मोठ्याने. मेहुण्याने मान हलवली. "तुम्हाला जास्त कळतं," म्हणाला, आणि मागे गेला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर पुढचं सगळं कदाचित सोपं झालं असतं.

ते मागे पोचून जागा घेईपर्यंत मास्तरांनी जरा ॲक्सिलरेटर दाबून बघितला. सहज म्हणून बाजूच्या आरशात पाहिलं. आरसा त्यांनी स्वतःच, जुन्या सवयीने, मागचं चाक दिसेल असा खाली वळवून ठेवला होता. मागच्या टायरवर एक पिवळं, ओलं पान चिकटलेलं होतं. इंजिन ओरडत होतं. स्टिअरिंग हातात थरथरत होतं. आणि पान होतं तिथेच होतं.

त्यांनी आणखी दोन क्षण पाय दाबून धरला. पान हललं नाही.

मास्तरांनी पाय उचलला. शुक्रवारी त्या भल्या माणसाने अर्धवट सोडलेलं वाक्य आता त्यांना आठवलं: ही पुढच्या चाकांवर चालते बरं का, चढावर आणि चिखलात जरा... त्यापुढे त्यांनी हात वर केला होता.

अंगातून गरम काहीतरी चढत कानापर्यंत आलं. लहानपणी वर्गात चड्डी ओली झाल्यावर जसं झालं होतं, तसं. त्यांना वाटलं, उतरावं, म्हणावं, थांबा रे, माझं चुकलं, दगड पुढे घ्या. वाक्य तोंडात तयार होतं. पण त्याच तोंडाने आत्ताच मिनिटकाट्याचा विनोद केला होता. तो विनोद अजून हवेत होता, बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर अजून होता.

एकदा ढकलून होऊ दे, त्यांनी स्वतःशी ठरवलं. नाही निघणार. मग मी म्हणेन, चला, पुढेही थोडे दगड टाकून बघू, काय हरकत आहे. माझीच कल्पना म्हणून. कुणाला कळणार नाही आणि कामही होईल.

असं ठरवून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडून सांगितलं, "आता जोर लावा. सगळ्यांनी. एक, दोन..."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. चौघांनी जोर लावला. गाडी दोन बोटं पुढे गेली, मग मागे आली. त्या धक्क्याने टेकवलेला खांदा सुटला आणि मेहुण्याचा पाय घसरला. तो आडवा झाला आणि सगळा भार उजव्या हातावर घेऊन मागच्या चाकापाशी रचलेल्या दगडांवर पडला. ते दगड तिथे असायचं काही कारणच नव्हतं.

तो ओरडला नाही. "अरे," एवढंच म्हणाला, आश्चर्य वाटल्यासारखं.

मास्तर धावत मागे आले तेव्हा नर्सबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. मनगट भलत्या ठिकाणी वाकलं होतं. नर्सबाईंनी त्याच्या अंगठ्याच्या टोकाला नख लावलं.

"कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"थोडं. नाही. बधिर वाटतंय."

नर्सबाईंनी वर पाहिलं. आवाज अगदी कामावरचा झाला. "नस दबली असेल. लवकर हलवायला पाहिजे. इथे बसवून ठेवण्यात अर्थ नाही."

हलवायचं कसं? मोटार मागे, मोटरहोम पुढे, दोन्हीकडे तार. रुग्णवाहिकेला फोन केला तर पलीकडून बाई म्हणाली, पाऊण तास तरी लागेल. बेकरीवाल्याने मैदानाच्या मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, ट्रॅक्टर पाठवतो, अर्ध्या तासात येईल.

मेहुणा मोटरहोमच्या पायरीवर बसला होता. ओल्या टॉवेलात हात, गळ्यात बहिणीची ओढणी बांधून केलेली झोळी. तोंड पांढरं पडलं होतं.

"लहानपणापासून धांदरट," बहीण म्हणत होती. आवाज रडका, शब्द रागाचे. "सपाट जमिनीवर पडायचास. चिखलात बूट घालून कोण ढकलतं? काढून ठेवायचे होते."

"हो ना," तो म्हणाला. "माझाच तोल गेला."

मास्तर तिथून बाजूला झाले. अर्धा तास होता. पुढच्या चाकांसमोरचा चिखल उपसून दगड टाकले आणि टाकीतलं शंभर लिटर पाणी सोडून देऊन वजन कमी केलं, तर दहा मिनिटांत गाडी निघण्यासारखी होती. हे त्यांना त्या क्षणी जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त नीट माहीत होतं. हाच धडा त्यांनी बारा वर्षं शिकवला होता.

त्यांनी मागच्या चाकाखालचे दोन दगड उपसले आणि छातीशी धरून पुढे निघाले.

"आता पुढे कशाला नेताय?" बायकोने विचारलं. नुसतं विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं.

मास्तर थांबले. नर्सबाई बघत होत्या. बेकरीवाला बघत होता. मेहुणाही बघत होता. त्याच्या नजरेत तर ओशाळल्यासारखं काही होतं, जणू आता पुढच्या चाकाचा विषय निघू नये, असं त्यालाच वाटत होतं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "वाटेत येत होते." आणि दोन्ही दगड त्यांनी कुंपणापाशी खाली ठेवले.

मग पस्तीस मिनिटं ते गाडीभोवती फिरत राहिले. एकदा टायर दाबून बघितला. एकदा आरसा पुसला. मध्ये मेहुणा म्हणाला, "भाऊजी, बसा ना जरा. दमलात." त्यावर ते आणखी लांब जाऊन उभे राहिले.

ट्रॅक्टर अकरा वाजून पाच मिनिटांनी आला. चालवणारी पन्नाशीची बाई होती, डोक्याला रुमाल, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिने ट्रॅक्टर फाटकाबाहेरच्या पक्क्या रस्त्यावर उभा केला, आत चालत आली, गाडीच्या पुढे वाकली, मग मागे गेली. मागच्या चाकाखालचा दगडांचा ढीग बराच वेळ बघत राहिली.

"खड्डे पुढे आणि दगड मागे," ती म्हणाली. "ही कुणाची अक्कल?"

मास्तरांनी कुंपणापाशी ठेवलेल्या दोन दगडांकडे पाहिलं.

"सगळ्यांची मिळून," मेहुणा पायरीवरून म्हणाला. "आम्हाला कुणालाच कळलं नाही."

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"मग तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं. ओढतं चाक गरगर फिरतं, न ओढणारं जागेवर राहतं. बसल्या जागी दिसतं की." एवढं बोलून तिने विषय सोडला, कारण तिला काम होतं. टाकीची तोटी उघडायला लावली. फावड्याने पुढच्या दोन्ही चाकांसमोर उतार काढला, त्यात मोटरहोममधलीच पायपुसणी अंथरली. पुढच्या कडीला दोर बांधला. "मी ओढेन. तुम्ही नुसता दुसरा गिअर टाका, पाय वर. शहाणपणा करू नका."

मास्तरांनी शहाणपणा केला नाही. चार मिनिटांत गाडी रस्त्यावर उभी होती.

बेकरीवाल्याच्या मोटारीत पाच जण कसेबसे बसले. मास्तर मागे, मेहुण्याच्या डाव्या बाजूला. खड्डा आला की मेहुणा डोळे मिटायचा, आणि खड्डा गेला की म्हणायचा, "काही नाही, काही नाही."

दवाखान्यात पोचायला बारा वाजत आले. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म दिला. रुग्णाला लिहिता येत नव्हतं म्हणून मास्तरांनी भरला. नाव, वय, व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात "घड्याळ दुरुस्ती" लिहून झाल्यावर पुढचा रकाना होता: दुखापत कशी झाली.

"लिहा, चिखलात पाय घसरला," बायको बाजूने म्हणाली.

मास्तरांनी लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

अडीचला शस्त्रक्रियेला नेलं. सव्वाचारला डॉक्टर बाहेर आल्या. हाड बसवलंय, म्हणाल्या, आत धातूची पट्टी लावली आहे, हाड जुळेल. नसेवर दाब आला होता, तो काढलाय. अंगठ्याला आणि बोटांना किती जाणीव परत येते, ते आत्ता सांगता यायचं नाही. पहिला अंदाज तो नीट जागा झाला की टाचणी लावून घेऊ. खरं काय ते सहा आठवड्यांनी.

"डॉक्टर," मास्तरांनी विचारलं, "आम्ही पाऊण तास आधी आलो असतो तर?"

"ते कसं सांगणार," डॉक्टर म्हणाल्या. "फरक पडलाही असता. नसताही." आणि त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

व्हरांड्यात लोखंडी बाक होता. बायको भावाचा चिखलाने भरलेला शर्ट उलगडून पुन्हा घडी घालत होती. मास्तर तिच्या शेजारी बसले.

"मला कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पुढची चाकं ओढतात ते. त्याने सांगितलं तेव्हा नाही. पण त्यानंतर लगेच. मी आरशात पाहिलं."

शर्टाची घडी थांबली.

"तो पडायच्या आधी?"

"हो."

"आणि तरी ढकला म्हणालात."

"हो."

"आणि नंतर दगड घेऊन पुढे चालला होतात, ते."

मास्तरांनी मान हलवली.

समोरून एक माणूस ट्रेमध्ये चहाचे पेले घेऊन गेला. "मी त्याला धांदरट म्हणाले," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांसमोर. आणि तो हो म्हणाला." मग शर्ट मांडीवर ठेवून, मास्तरांकडे न बघता: "मला सांगून काय उपयोग. त्याला सांगा."

एकाच नातेवाइकाला आत सोडत होते. मास्तर आत गेले. मेहुणा उताणा पडला होता, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. उजवा हात दोन उशांवर उंच ठेवलेला, बँडेजातून फक्त बोटांची टोकं दिसत होती, पिवळ्या औषधाने माखलेली. मास्तर कॉटच्या पायाशी उभे राहिले आणि भिंतीकडे बघत, एका दमात, सगळं बोलले. पान, विनोद, दगड, सगळं. मेहुण्याचा श्वास संथ चालू होता. बोलून झाल्यावर मास्तरांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच लाज वाटली.

ते बाहेर आले.

"सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

मास्तर बाकाच्या टोकाला बसले.

"जागा होता का तो?"

"नाही."

"म्हणजे झोपलेला बघून सांगून आलात." ती ओरडली नाही. संसारात ती पुष्कळदा ओरडली होती. या वेळी ओरडली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं. "जा आत. उठेपर्यंत बसा तिथे. मी येत नाही."

मास्तर परत आत गेले. कॉटच्या डाव्या बाजूला स्टूल होतं, त्यावर बसले. तिथली नर्स येऊन सलाइन बघून गेली. पावणेसहाला डॉक्टर फेरीवर येतील, म्हणाली, तेव्हा बोटं तपासतील.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी मेहुण्याने डोळे उघडले. थोडा वेळ छताकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि पाणी मागितलं. मास्तरांनी चमच्याने पाणी पाजलं. त्याने आणखी मागितलं. मास्तरांनी दुसरा चमचा भरला. डॉक्टर यायला अजून दहा मिनिटं होती.